मे महिन्यातली रात्र मोजा, मग मोटरहोम घ्या

स्तंभ : रस्ता आणि गाडी

शहागडला गोदावरीवरचा पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि गेवराईचा रस्ता लागतो. मोटरहोम घ्यायचं मनात असलेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबाने आपला पहिला मुक्काम मनातल्या मनात इथेच करून पाहावा. मे महिना आहे, दुपारी पारा बेचाळीसवर होता, रात्रीचे अकरा वाजले तरी गाडीचा पत्रा कोमटच आहे. नदी जवळ असूनही वारा पडलेला. अशा रात्री आत चार माणसांना झोप लागावी म्हणून काय लागेल, हे आधी ठरवायचं. बॅटरी कोणती आणि आतली मांडणी कशी, हे दोन्ही त्यावरूनच ठरतं. शोरूममध्ये बोलणं सुरू होतं ते सोफ्याच्या रंगापासून आणि टीव्हीच्या आकारापासून. दिवसभरात बॅटरीत वीज किती येणार आणि रात्री किती जाणार, हा हिशोब कुणी मांडतच नाही, म्हणून तो इथे मांडतो.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात असताना सुमारे हजार वॉट ओढतो, गारवा आला की कमी. पत्र्याच्या गाडीत रात्रभराची सरासरी सहाशे वॉट धरू. आठ तासांचे ४.८ युनिट झाले. बॅटरीची वीज एसीला चालेल अशी करताना इन्व्हर्टरमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास वाया जाते, म्हणजे सव्वापाच युनिट. आता माहितीपत्रकातली ‘२०० एएच लिथियम’ घ्या. १२.८ व्होल्टला २०० एएच (अँपिअर-तास) म्हणजे २.५६ युनिट. अर्ध्या रात्रीच एसी बंद पडणार. ४०० एएच घेतली तरी सगळी रिकामी करायची नसते, त्यामुळे हाती साडेचार-पावणेपाच युनिटच येतात आणि पहाट उकाड्यातच उजाडते. बरं, पाचशे एएच घेऊन रात्र निभावली, तरी दुसऱ्या दिवशी ती भरायची कशी? छतावरचे चारशे वॉटचे सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड ते दोन युनिट देतात. शहागडहून सोलापूरपर्यंत साधारण चार तास गाडी चालवली, तर तीस अँपिअरच्या चार्जरमधून अल्टरनेटरकडून आणखी दीड युनिट मिळेल. एकूण झाले तीन ते साडेतीन. फ्रिज आणि पंखे धरले तर रोजचा खर्च सातच्या घरात जातो. ही तूट कितीही मोठी बॅटरी घेतली तरी भरून निघत नाही, फक्त एक दिवस पुढे ढकलली जाते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बॅटरीवर रात्रभर एसी चालवण्याचा हट्ट सोडावा. झोपण्यापूर्वी तास-दीड तास एसी लावून गाडी गार करावी, पुढे बारा व्होल्टचे दोन चांगले पंखे आणि छतातून गरम हवा बाहेर फेकणारा झरोका-पंखा यांवर रात्र काढावी. जिथे मुक्कामाला प्लग मिळेल तिथे एसी खुशाल रात्रभर चालवावा. या पद्धतीत दिवसाचा खर्च तीन युनिटांच्या आसपास राहतो, ३०० एएचची लिथियम बॅटरी तो पेलते, आणि वर मांडलेले तीन-साडेतीन युनिट तिला रोज परत मिळतात.

पण ती नेमकी कोणती लिथियम, हे विचारलंच पाहिजे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचीच घ्यावी. बऱ्याच इलेक्ट्रिक मोटारींमध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे सेल असतात, ते वजनाला हलके असतात, पण तापले की लवकर बिघडतात आणि पेटण्याचा धोकाही जास्त. ज्या गाडीत मुलं झोपणार आणि जी भर उन्हात उभी राहणार, तिथे हा धोका पत्करायचं कारण नाही. जुने सेल जोडून बनवलेले स्वस्त पॅकही बाजारात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. बॅटरी चॅसिसखाली टांगायला नको, डांबराची सगळी धग तिला लागते. आत, बाकाखाली, चाकांच्या कण्याजवळ आणि हवा खेळती राहील अशी ठेवावी. अल्टरनेटरवरून थेट वायर ओढूनही भरू नये. रिकामी लिथियम बॅटरी इतका करंट खेचते की अल्टरनेटर जळू शकतो, म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच.

आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी ट्युब्युलर बॅटऱ्या आल्या आणि त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला. घरात त्या उत्तम. गाडीत मात्र मी त्या बसवू देणार नाही. दीडशे एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण ती निम्म्याहून जास्त वापरली तर आयुष्य झपाट्याने घटतं. ३०० एएचच्या लिथियमएवढं काम घ्यायचं तर अशा चार लागतील. त्यांचं वजन सव्वादोनशे किलो, लिथियमचं तीस-पस्तीस. शिवाय चार्ज होताना ट्युब्युलरमधून हायड्रोजन निघतो. तो झोपायच्या खोलीत नको.

हा दोनशे किलोंचा फरक म्हणजे तीन मोठी माणसं. आतल्या मांडणीचा विचारही इथूनच सुरू व्हायला हवा. आपले सुतार फार कसबी आहेत, पण त्यांचा हात घराच्या फर्निचरला सरावलेला. अठरा मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ता पस्तीस किलोंच्या आसपास भरतो. कपाटं, पलंग, ओटा यांना दहा तक्ते लागले तर साडेतीनशे किलो, वर सनमायका आणि बिजागऱ्या वेगळ्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. गाडीच्या एकूण वजनाला मर्यादा ठरवून दिलेली असते, ती ओलांडली की ब्रेक, टायर आणि कमानी सगळ्यांवर ताण येतो. तेव्हा अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर हलके पॅनेल, खोलीचा भास देणाऱ्या जाड कपाटांऐवजी जाळीचे कप्पे, आणि खड्ड्यात आपोआप न उघडणारी कडी एवढं मागावं. पैसे वाचतील ते भिंती आणि छताच्या उष्णतारोधक थरात घालावेत. बाहेरून छत पांढरं, आत पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये फोमचा सलग थर, खिडक्यांना ऊन परतवणारे पडदे. याने एसीवर जेवढी वीज वाचते तेवढी बॅटरी वाढवून मिळत नाही. गाद्यांना रेक्झिन नको, मे महिन्यात ते पाठीला चिकटतं, सुती खोळी हव्यात. आणि पलंगावर प्रत्यक्ष आडवं होऊन पाहा. आडव्या मांडलेल्या पलंगात उंच माणसाचे पाय मुडपूनच राहतात.

शेगडी गॅसची की इंडक्शन, हा वाद मला फार मोठा वाटत नाही. चार माणसांचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर बॅटरीतलं जवळपास एक युनिट जातं, म्हणून पाच किलोचं लहान सिलिंडर बाहेर उघडणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात ठेवलेलं बरं.

गाडीत काय लागतं आणि काय नाही, हे शहागडवरून जाणाऱ्या या महामार्गाला आधीपासून माहीत आहे. दिवाळीच्या सुमारास बीड-जालन्याची ऊसतोड कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमधून अख्खा संसार घेऊन निघतात. ती पोटासाठी जातात, सहलीला नाही, आणि त्यांच्या प्रवासाची तुलना आपल्या हौशीशी करणं योग्य होणार नाही. पण आषाढीआधी मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी जालना, अंबड, वडीगोद्री, गेवराई, बीड या वाटेने पंढरपूरला जाते, तिच्या दिंड्यांसोबतचे ट्रक जरूर पाहावेत. तंबू, भांडी, शिधा, पाणी यांची मांडणी मुक्कामाला आधी काय लागेल त्या क्रमाने असते. शोभेची वस्तू सापडत नाही.

कायद्याची बाजूही बघूनच पैसे द्यावेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. जुनी मिनीबस गॅरेजमध्ये परस्पर बदलून घेतली आणि नोंदणी पुस्तकात ती मिनीबसच राहिली, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. बनवणाऱ्याकडे मानकाचं प्रमाणपत्र मागावं, आणि बॅटरी बसवल्यानंतरचं गाडीचं वजन काट्यावर करून त्याची पावती घ्यावी.

शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे. शहागडसारख्या महामार्गावरच्या गावात मीटर लावलेले चार प्लग, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि शौचालयाची टाकी रिकामी करायची बंदिस्त जागा, एवढं झालं तरी पुरे. ट्रकचालकांनाही त्याचा उपयोग होईल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला, पण गाडी उभी असताना तो चालवायचा तर इंजिन सुरू ठेवावं लागतं. प्लग मिळाला तर निदान त्यावर पंखा लावून चालकाला झोपता येईल आणि डिझेलही वाचेल. तोवर मोटरहोमवाल्यांनी शौचालयाची टाकी गोदावरीत किंवा ओढ्यात रिकामी करू नये, हे मी हात जोडून सांगतो. या पाण्यावर काठची गावं जगतात.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि कोणताही प्लग न लावता सगळ्या कुटुंबाने तिच्यात एक रात्र काढावी. उन्हाळा असेल तर फारच उत्तम. रात्री किती युनिट गेले ते बॅटरीच्या मीटरवर सकाळी वाचावं, विक्रेत्याच्या कागदाशी ताडून पाहावं, आणि उरलेली रक्कम त्यानंतरच द्यावी.