दाखला डिजिटल झाला, हक्काचे काय?

सोलापूरच्या मागांवर आणि विडी कारखान्यांत तेलंगणातून आलेल्या कष्टकऱ्यांच्या पिढ्या खपल्या. अधिवासाच्या दाखल्यासाठी मात्र १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आता हा अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर करता येतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीस मान्यता दिली. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत, अपील आणि कसूरदार अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड ठरविला. परंतु भाड्याच्या खोल्या बदलत जगलेल्या विडी कामगार स्त्रीने भाडेपावती कोठून आणावी? यंत्र दाखला लवकर देईल, पुरावा देणार नाही. म्हणून अर्ज नाकारल्यास लेखी कारणे मागून अपील लढविणे, हेच कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.