सूत्र पाठ आहे, पण विभवांतर कोणाचे?

छत्तीसगढमधील रायगढ ते तामिळनाडूतील पुगलूर ही सुमारे १,७६५ किलोमीटर लांबीची दिष्टधारा वाहिनी देशातील मोठ्या वीजवाहिन्यांपैकी एक. तिच्याविषयीच्या बातमीत दोन आकडे हमखास असतात: अधिक-उणे ८०० किलोव्होल्ट आणि ६,००० मेगावॅट. दहावीचे गणित एवढ्यावर सुरू होते. धन आणि ऋण तारांमधील विभवांतर १,६०० किलोव्होल्ट. शक्तीला त्याने भागले की विद्युतधारा ३,७५० अँपिअर.

आता या प्रवासात किती वीज उष्णता होऊन वाया जाते? गणितापुरता दोन्ही तारांचा मिळून रोध १० ओहम धरू. धारेचा वर्ग गुणिले रोध, या सूत्राने उत्तर येते सुमारे १४१ मेगावॅट; पाठवलेल्या शक्तीच्या अडीच टक्क्यांहूनही कमी.

दुसरा विद्यार्थी म्हणेल, विभवांतराचा वर्ग भागिले रोध हेही पुस्तकातलेच सूत्र आहे. त्यात १,६०० किलोव्होल्ट घालून तो २,५६,००० मेगावॅटवर पोहोचेल. मे २०२४ मध्ये संपूर्ण भारताच्या विजेच्या मागणीने गाठलेला तेव्हाचा उच्चांक सुमारे २,५०,००० मेगावॅट होता. म्हणजे एकट्या वाहिनीत साऱ्या देशाच्या गरजेहून अधिक वीज जळाली!

त्याचे सूत्र बरोबर, आकडेमोडही बरोबर. चुकले ते विभवांतर. १,६०० किलोव्होल्ट हे एका तारेपासून दुसरीपर्यंतचे. तारांच्या स्वतःच्या लांबीवर खर्च होणारे विभवांतर ३,७५० गुणिले १०, म्हणजे ३७.५ किलोव्होल्ट. हा आकडा घाला. दुसरे सूत्रही निमूटपणे १४१ मेगावॅटच सांगते. त्याचप्रमाणे १,६०० किलोव्होल्टला ३,७५० अँपिअरने भागून येणारे सुमारे ४२७ ओहम हा तारेचा रोध नव्हे; पाठवणाऱ्या केंद्राला पुढची सारी यंत्रणा मिळून जेवढी भासते, तेवढा तो आहे.

ही चूक क्षुल्लक नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हिशेबाने वीज वाचवायची तर दाब कमी करायला हवा. प्रत्यक्षात तेवढीच शक्ती निम्म्या दाबाने पाठवली, तर धारा दुप्पट आणि नासाडी चौपट होते. म्हणजे तो वाहिनी नेमकी उलटी आखेल, आणि तेही पैकीच्या पैकी गुण मिळवून.

माझा आक्षेप इथेच आहे. आपण त्रिकोण काढतो, हव्या त्या अक्षरावर अंगठा ठेवतो आणि उरलेले लिहितो. प्रश्नपत्रिकेत दोनच आकडे असतात आणि दोन्ही वापरायचेच असतात, मग ‘कोणाचे?’ हे विचारण्याची वेळच येत नाही. लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या तर प्रश्न साचेबद्ध लागतात, हे मान्य. पण उदाहरणात अनावश्यक असा एक तिसरा आकडा घालायला काय अडचण आहे? नेमका कोणता घ्यावा, हे ठरवताना विद्यार्थ्याला आधी परिपथाकडे पाहावे लागेल.

सुरुवात घरापासून करता येईल. २,००० वॅटच्या गिझरच्या प्लगमधील सैल जोडाचा रोध अर्धा ओहम असेल, तर तिथे किती उष्णता निर्माण होईल? उत्तर पस्तीस वॅटांच्या किंचित वर आहे; प्लग वितळवायला तेवढी पुरे. तुमचे उत्तर लाखाच्या घरात गेले, तर आकडेमोड पुन्हा करू नका. तुम्ही घेतलेले २३० व्होल्ट कोणाचे, एवढेच स्वतःला विचारा.