मोजणी झाली, पाहणी राहिली

देशातील उच्च शिक्षणाची मोजदाद होत नाही, अशी तक्रार आता कोणास करता येणार नाही. केंद्र सरकारने २०११ साली सुरू केलेल्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात ११६८ विद्यापीठे, ४५,४७३ महाविद्यालये आणि सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी नोंदले गेले आहेत. एवढा पसारा एका तक्त्यात आणणे हे लहानसहान काम नव्हे, व त्याचे श्रेय देण्यास आम्ही कुचराई करणार नाही. परंतु या उद्योगाला सर्वेक्षण म्हणावे की नाही, याविषयी आमच्या मनात शंका आहे.

ही माहिती भरतो कोण? ज्या संस्थेची पाहणी करावयाची तीच संस्था. तिने नेमलेला एक अधिकारी, म्हणजे बहुधा तासांच्या धबडग्यातून वेळ काढणारा एखादा प्राध्यापक, संगणकावरील रकाने भरतो. त्याच्यावर विद्यापीठाचे व राज्याचे अधिकारी असतात, हे खरे. पण त्यांच्यासमोर येतो तोही तक्ताच. वर्गाच्या दारात उभे राहून आत किती मुले बसली आहेत हे कोणी पाहत नाही. २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीचाही मुख्य आधार संस्थांनी स्वतःविषयी दिलेली माहिती हाच आहे. आणि ती क्रमवारी समोर ठेवूनच आमचे अनेक वाचक आपल्या मुलामुलींचे महाविद्यालय ठरवितात.

संस्थाचालक खोटे बोलतात, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि तो शिक्षक शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्यासोबत डबा खात असतो. अशा वेळी महिनोन् महिने न आलेल्या मुलाचे नाव हजेरीपत्रकातून खोडण्यास हात धजत नाही. आमचाही धजला नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्र सरकारने एकाच वेळी राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा कागदावरची लक्षावधी मुले वर्गात सापडली नाहीत. त्याचे आश्चर्य ज्यांना वाटले, त्यांनी शाळेत कधी नोकरी केली नसावी. ज्या आकड्यावर अनुदान, पद वा प्रतिष्ठा अवलंबून आहे, तो आकडा त्याच्या लाभार्थ्यालाच विचारणे हा पद्धतीचा दोष आहे. माणसांच्या नीतिमत्तेची चर्चा त्यानंतरची.

कोणी म्हणेल, सर्वच्या सर्व संस्थांकडून माहिती येत असताना आणखी काय हवे? संख्या मोठी असली की माहिती खरी होते, हा भ्रम फार जुना आहे. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घेण्यासाठी सुमारे एक कोटी पत्रिका पाठविल्या, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली, आणि लॅंडन विजयी होणार असे भाकीत केले. ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्रिका कोणास गेल्या आणि उलट टपाली उत्तर देण्याची हौस कोणास होती, याचा विचारच झालेला नव्हता. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या पदवीधरांना नोकरीविषयी विचारले, तर हेच होणार. ज्याला चांगली नोकरी लागली तो दुसऱ्या दिवशी उत्तर धाडतो. जो अजून घरी बसला आहे, त्याला त्या पत्राकडे पाहवतही नाही. उत्तर न देणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून शंभर जण निवडावेत व त्यांच्या घरापर्यंत जावे. आलेल्या दहा हजार उत्तरांपेक्षा त्या शंभरांकडून अधिक कळेल.

ही विद्या आपल्याला परकी नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीचे शास्त्र बंगालच्या तागाच्या शेतांतून उभे केले आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. परस्परांपासून स्वतंत्र अशी दोन पथके एकाच भागात धाडावयाची व त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहावयाचे, ही त्यांची युक्ती होती. दोन्हींत अंतर पडले की चूक आपोआप बोलू लागते. पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराची पाहणी केली तीही घरोघर जाऊन. ताग आणि शहरातली बिऱ्हाडे ज्या रीतीने पाहता आली, त्या रीतीने महाविद्यालये पाहता येणार नाहीत काय?

मात्र चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी एक प्रश्न सोडविला पाहिजे. २०१९-२० च्या अहवालानुसार सुमारे एक-षष्ठांश महाविद्यालयांत शंभराहूनही कमी विद्यार्थी होते, आणि तीन हजारांहून अधिक विद्यार्थी असलेली महाविद्यालये ४ टक्के होती. सर्व महाविद्यालयांची नावे एकाच घागरीत टाकली, तर हाती लहानच अधिक लागतील आणि निष्कर्ष सरासरी महाविद्यालयाचा निघेल, सरासरी विद्यार्थ्याचा नव्हे. ग्रंथालय कसे आहे हे विचारावयाचे असेल तर पहिला चालेल. किती मुलांना ग्रंथालय मिळते हे हवे असेल, तर मोठ्या महाविद्यालयाला त्याच्या आकाराच्या प्रमाणात निवडीची संधी दिली पाहिजे. शहरी व ग्रामीण, अनुदानित व विनाअनुदानित असे गट आधी पाडून प्रत्येकातून स्वतंत्र निवड करावी, हे ओघाने आलेच. आपल्याला काय जाणून घ्यावयाचे आहे हे आधी न ठरविता रकाने छापणे, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम आहे.

भाजकाकडेही लक्ष हवे. २०१९-२० साली उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २७.१ टक्के सांगितले गेले. पुढील अहवालात १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येचा अंदाज २००१ ऐवजी २०११ च्या जनगणनेवरून धरला गेला, आणि त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ झाले. मुले तीच, महाविद्यालये तीच. यात लबाडी नव्हती, दुरुस्ती होती व ती योग्यच होती. पण पहिल्या आकड्यावर भाषणे देणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरा वाचला असेल?

आमचे म्हणणे एवढेच की वार्षिक मोजणी चालू ठेवावी, आणि तिच्याशेजारी काही शे महाविद्यालयांची एक खरी पाहणी उभी करावी. तीत गोळा झालेली माहिती अनुदानाच्या वा क्रमवारीच्या कामी वापरली जाणार नाही, संस्थेचे नाव छापले जाणार नाही, असे लेखी अभय प्रथम द्यावे. विद्यार्थ्यांना प्राचार्यांच्या गैरहजेरीत विचारावे. आणि प्रश्नावली पक्की करण्यापूर्वी ती तयार करणाऱ्या विद्वानांनी दहाबारा महाविद्यालयांत स्वतः जाऊन यावे. अकरावी-बारावीचे वर्ग त्याच इमारतीत, त्याच प्राचार्यांच्या हाताखाली चालतात; तेथे शिकविणारे व तासिका तत्त्वावर येणारे 'शिक्षकांची संख्या' या रकान्यात कसे धरता, हे कार्यालयातील लिपिकाला विचारावे. तो जे सांगेल ते लिहून घ्यावे, दुसऱ्या महाविद्यालयातील लिपिक काय सांगतो ते त्याखाली लिहावे, आणि मगच तो रकाना छापावयास द्यावा.