फोटोशॉप उघडत नाही? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी चौकट वाचा

तुळशीचं लग्न लागलं की अकोटच्या फोटो स्टुडिओंना मान वर करायला फुरसत नसते. दिवसा हळदी आणि लग्नं, रात्री अल्बमचं डिझाइन आणि मधल्या वेळात भरतीच्या अर्जांसाठी पासपोर्ट फोटो. नेमकं याच दिवसांत नवं टाकलेलं सॉफ्टवेअर दगा देतं. डबल क्लिक केलं की क्षणभर सुरुवातीची पाटी दिसते, मग एक इंग्रजी चौकट येते. ‘ओके’ दाबलं की सगळं गायब! दुरुस्तीवाला येतो, खुर्चीत बसण्याआधीच निकाल देतो, ‘फॉरमॅट मारा लागते भाऊ.’

माझा आक्षेप या वाक्याला आहे. आपल्याकडे निम्म्या स्टुडिओंत लग्नाचे फोटो डेस्कटॉपवरच पडलेले असतात आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो. कॅमेऱ्याचं कार्ड तोवर पुढच्या लग्नात वापरून झालेलं असतं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं, वरमाला पुन्हा घालता येत नाही.

चौकटीत काय लिहिलेलं असतं?

बहुतेक वेळा बिघाडाचं कारणच. पण आपण ती वाचण्याआधी बंद करतो. मोबाइलवर तिचा फोटो काढा, गूगल लेन्स तिचा मराठी अनुवाद करून देतं. (कोट्यवधी ग्राहक असलेल्या कंपन्यांना हा मजकूर स्वतःहून मराठीत देता येऊ नये, याचं मला नवल वाटतं.)

‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ सापडत नाही, असं लिहिलेलं असेल तर दोष फोटोशॉपचा नाही. विंडोजला लागणारा ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ हा संच नसतो किंवा बिघडलेला असतो. तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सुटी डीएलएल फाइल कुठल्यातरी भलत्या साइटवरून मात्र उतरवू नका.

‘स्क्रॅच डिस्क’ भरली, असं आलं तर सी ड्राइव्हवर जागा उरलेली नाही. फोटोशॉप आपलं कच्चं काम डिस्कवर करतं आणि सांगितलं नाही तर सी ड्राइव्हच धरतं. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरत ते सुरू करा, दुसरा ड्राइव्ह निवडण्याची सोय समोर येते. ‘प्रेफरन्सेस’ची तक्रार असेल तर याच दोन कळांबरोबर शिफ्टही धरा. काम चालू असताना लाइट गेली तर ही फाइल बिघडू शकते. लाइट जाण्याचं अकोटकरांना वेगळं सांगायला नको. यात सेटिंग मूळपदावर येतात, फोटोंना धक्का लागत नाही.

काही वेळा चौकटच येत नाही, पाटी फॉन्ट वाचता वाचता अडकते. लग्नपत्रिकांसाठी जमवलेल्या शेकडो मराठी फॉन्टांपैकी एखादा बिघडलेला असतो. नुकतेच टाकलेले आधी काढून बघा. त्यानेही भागलं नाही तर ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा.

आणि पेनड्राइव्हवरची ‘फुकट’ प्रत?

खरं दुखणं बहुतेकदा इथेच असतं. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगत जी प्रत टाकली जाते, तिच्यात कंपनीची मूळ फाइल बदललेली असते. दोन दिवसांनी अँटिव्हायरस जागा होतो, ती फाइल उचलून कोंडून ठेवतो आणि प्रोग्राम उघडेनासा होतो. त्याने बिघाड केलेला नसतो, चोर पकडलेला असतो. अशा प्रतींतून रॅन्समवेअर शिरलं तर सगळे फोटो कुलूपबंद होतात. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैदेतून सूट देऊ शकतं. स्टुडिओवाल्याला ही पळवाट नाही.

गरीब स्टुडिओवाल्याने करावं काय, हा प्रश्न रास्त आहे. २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं सोडून वर्गणी सुरू केली. सराई चार-पाच महिन्यांची आणि वर्गणी बारमाही, हे गणित तालुक्याच्या गावी जड जातं. नव्या आवृत्तीला किमान ८ जीबी रॅम लागते आणि विंडोज ७ वर ती चालतच नाही. पासपोर्ट फोटो आणि अर्जांसाठी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, असं माझं मत. अल्बमच्या पीएसडी टेम्प्लेटचे सगळे इफेक्ट मात्र त्यात जसेच्या तसे उघडत नाहीत. तेव्हा अल्बमवाल्याने एका मशीनपुरती तरी वर्गणी भरावी आणि तिचा खर्च अल्बमच्या दरात धरावा.

एवढं करूनही फॉरमॅटचीच वेळ आली तर दुरुस्तीवाल्याला तासभर थांबवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का ते बघा आणि चार फोटो तिथून उघडून पाहा.