हात लावून पाहण्याचा हक्क

पुस्तकाच्या दुकानात गिऱ्हाइकाला कसं वागवतात, हा काही स्त्री-चळवळीचा प्रश्न नव्हे, असं कुणी म्हणेल. दारू, हुंडा, मारहाण, पाणी, रेशन यांतून सवड मिळाली तर पुस्तकं! पण बाईच्या हातात पुस्तक पोचतं की नाही, हे पुष्कळदा दुकानाच्या काउंटरवरच ठरतं. म्हणून मला तो आपलाच प्रश्न वाटतो.

एम.एस.डब्ल्यू. करत असताना, २०१२ साली, मी मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये पहिल्यांदा गेले. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्या स्टॉलवर हा व्यवसाय सुरू केला. पुढे दुकान फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रोडवर आलं. तरुणपणी एका दुकानात पुस्तकं चाळताना शानभागांचा अपमान झाला आणि त्यातूनच, कुणालाही पुस्तक मोकळेपणी हाताळता येईल असं दुकान काढायचं त्यांनी ठरवलं, असं सांगितलं जातं. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तकविक्रेत्याचा असा सन्मान आपल्याकडे विरळाच.

दुकान लहानसं, पुस्तकांनी गच्च भरलेलं. माझ्या पर्समध्ये महिनाअखेरचे पैसे. पण ‘काय पाहिजे?’ असं कुणी दरडावलं नाही. अर्धा तास नुसती पानं उलटत उभी होते, तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही. विषय सांगितल्यावर तिथल्या माणसाने तीन पुस्तकं काढून दिली आणि त्यातलं स्वस्त कुठलं तेही सांगितलं. पैसे देताना वीस टक्के सूट न मागता मिळाली. तिथे ती सर्वांनाच मिळत असे. सूट मागावी लागली की ओळख लागते, घासाघीस करण्याची हिंमत लागते. सर्वांना सारखी सूट म्हणजे गरीब गिऱ्हाइकाचाही मान राखणं.

स्ट्रँडची पुस्तकं बहुतांशी इंग्रजी होती. आपल्या वस्तीतली बाई त्या दाराची पायरी चढली नसती, हेही खरं. पण तिथली रीत मराठी दुकानांनी उचलण्याजोगी होती.

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या एका ताईंचंच उदाहरण घ्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यावर मराठीत काही वाचावं, असं त्यांच्या मनात आलं. सातवी शिकलेल्या, अक्षर लावून वाचणाऱ्या. तालुक्याच्या गावी एका जुन्या, नावाजलेल्या दुकानात त्या गेल्या. पुस्तकं सगळी काउंटरच्या मागे. मालकांनी विचारलं, “पुस्तकाचं नाव काय?” नाव ठाऊक नव्हतं. विषय सांगितला तेव्हा, “कुणासाठी पाहिजे?” हे चार गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने. आणि मग पुढ्यात ठेवलं लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक! ताई काही न घेता परतल्या. मालक उद्धट नव्हते. बाईला काय वाचायला लागतं, हे आपल्याला माहीत आहे अशी त्यांची खात्री होती, एवढंच.

नाव सांगा, मग पुस्तक देतो, हा नियम दिसायला साधा आहे. पण पुस्तकाचं नाव कळायला आधी पुस्तकांच्या जगात वावर असावा लागतो. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि पुढे विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं. मधल्या काळातल्या बायकांनी ते कुठल्या नावाने मागायचं होतं? जे डोळ्यांसमोर येत नाही, ते मागायचं सुचतही नाही.

यावर तरुण मैत्रिणी म्हणतात, “आता पुस्तक फोनवरून मागवता येतं की!” येतं. पण किती बायकांचा फोन खरोखर त्यांचा असतो? घरी आलेलं पार्सल सासूसमोर, नवऱ्यासमोर फुटतं. कायद्याचं, शरीराचं, गर्भनिरोधनाचं पुस्तक अशा घरात कसं मागवायचं? दुकानात उभ्याने चार पानं वाचून, हवं तेवढं डोक्यात ठेवून रिकाम्या हाताने घरी जाता येतं. ही सोय पार्सलात नाही. स्ट्रँड फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं. असं प्रत्येक दुकान बंद होतं, तेव्हा पुस्तक चाळण्याची एक जागा कमी होते, आणि बायकांना अशा जागा मुळातच थोड्या.

म्हणून गटांना माझं सांगणं आहे. आपण शिबिरात पुस्तकं वाटतो, ते चालूच राहू दे. पण पाच-सहा जणींनी मिळून आपल्या गावातल्या दुकानात जाऊ या. स्त्रियांचे कायदे, आरोग्य, आत्मचरित्रं यांचा एक कप्पा काउंटरच्या बाहेर, हाताला येईल असा ठेवा, किमती दिसू द्या, बसायला एक स्टूल द्या आणि ‘कुणासाठी?’ हा प्रश्न विचारू नका, एवढं मालकांना सांगू या. यातल्या कशालाच फारसा खर्च नाही. एकटीला जे विचारायला संकोच वाटतो, ते सहाजणी सहज विचारतात. आणि पहिल्या दिवशी निदान एक पुस्तक विकत घेऊनच बाहेर पडू या. दुकानदाराचंही पोट आहे.