प्रवाळांच्या घरी पाहुणा

अंदमान-निकोबारची राजधानी श्री विजयपुरम, म्हणजेच पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. या शहरापासून सुमारे 30 किलोमीटर अंतरावर वंडूर हे गाव आहे. तेथील धक्क्यावरून सकाळी बोटी सुटतात आणि खारफुटीच्या राईंना वळसा घालीत जॉली बॉय या चिमुकल्या बेटाकडे जातात. 1983 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील हे एक बेट. दिवसा बेट पाहावे, समुद्रातील प्रवाळांचे दर्शन घ्यावे आणि त्याच दिवशी परतावे, असा या सहलीचा क्रम असतो. बेटावर मुक्काम करता येत नाही.

या सहलीला जाण्यासाठी वनखात्याचा परवाना लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि खाऊची वेष्टने किनाऱ्यावरच ठेवावी लागतात. बेटावर मार्गदर्शक सांगेल तेवढ्याच पाण्यात उतरायचे असते. अनेक पर्यटकांना हा जाच वाटतो. आयुष्यभर पै-पै साठवून एकदाच अंदमानला आलेल्या माणसाने 'पैसे मोजूनही एवढे निर्बंध कशाला?' असे विचारले, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर पाण्याखाली आहे.

डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग न्याहाळणे म्हणजे स्नॉर्केलिंग. पोहता न येणाऱ्यालाही तरंगजाकीट आणि मार्गदर्शकाचा हात यांच्या आधारे हा आनंद घेता येतो. खाली दिसणारे प्रवाळ दगडासारखे भासते. पण ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. समुद्रातील चुना घेऊन हे जीव आपले घर बांधतात. घुमटाकार वाढणारी काही प्रवाळे वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वीतभर उंचीच्या प्रवाळामागे सुमारे दोन दशकांचे श्रम असतात. फांद्यांसारखी नाजूक प्रवाळे तर पायाच्या एका धक्क्याने मोडतात. दमलेला माणूस क्षणभर टेकण्यासाठी पाय ठेवतो, तेव्हा तो कोणाच्या तरी घरावर उभा असतो.

यावर असे म्हटले जाईल की, प्रवाळांचा खरा शत्रू तापणारा समुद्र आहे. हे म्हणणे खोटे नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न आणि रंग देतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. अंदमानात 2010 आणि 2016 साली असे घडले. समुद्राचे तापमान एकटा पर्यटक उतरवू शकत नाही. परंतु म्हणूनच त्याची जबाबदारी वाढते. घरात कोणी आजारी असेल, तर शहाणा पाहुणा आवाज खाली आणतो. आजार आपण आणला नाही, असे सांगून तो गोंगाट करीत नाही.

शेतकरी जमीन काही काळ पड ठेवतो, ती तिचा कस टिकावा म्हणून. जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आळीपाळीने पर्यटकांसाठी खुली ठेवण्यामागेही असाच विचार आहे. या व्यवस्थेने बोटवाल्यांचे आणि मार्गदर्शकांचे उत्पन्न घटेल, ही शंका वरवर खरी वाटते. मात्र प्रवाळ मेले तर ते पाहायला कोण येणार? त्यांची उद्याची भाकरी प्रवाळाच्या जिवंतपणावरच अवलंबून आहे.

म्हणूनच मार्गदर्शकाकडे केवळ भाड्याने घेतलेला सोबती म्हणून पाहणे योग्य नाही. भरती-ओहोटीची वेळ, पाण्याची ओढ, कोठे हात लावू नये, हे त्याला ठाऊक असते. तो 'थांबा' म्हणतो तेव्हा थांबणे, हा त्या दिवसाचा पहिला धडा होय.

सायंकाळी परतताना आठवण म्हणून प्रवाळाचा एखादा तुकडा खिशात घालण्याचा मोह होतो. 2001 सालापासून भित्ती-प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे तो गुन्हाही ठरतो. पण कायद्याची भीती नसती, तरीही हात रिकामाच ठेवावा. पाहुण्याने यजमानाच्या घराची वीट काढून नेऊ नये, एवढी रीत तर प्रत्येक घरात शिकवली जाते.