जमीन घेतली, आता प्रयोगशाळेचे दारही उघडा

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातले बर्कली हे शहर आपल्याला विद्यापीठामुळे माहीत असते. त्याच शहराच्या पश्चिम भागात बायर कंपनीचा औषधांचा मोठा कारखाना आहे. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे, रक्त गोठायला मदत करणारे प्रथिन तिथे जिवंत पेशींच्या साहाय्याने तयार केले जाते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीला विस्तार करायचा होता. प्रत्येक इमारतीसाठी वेगळी परवानगी मागण्याऐवजी शहराशी एकच दीर्घ मुदतीचा करार तिला हवा होता. 1992 मध्ये 30 वर्षांचा करार झाला. शहराने त्यात आपल्या बाजूच्याही अटी घातल्या. त्यांतल्या एका अटीतून 1993 मध्ये स्थानिक मुलांना जैवतंत्रज्ञानाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आज ती ‘बायोटेक पार्टनर्स’ या नावाने ओळखली जाते.

तिचे काम साधे आहे. बर्कली आणि शेजारच्या ओकलंडमधल्या सरकारी शाळांतली मुले निवडायची. त्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब घरांतली मुले अधिक. त्यांच्या हातात मायक्रोपिपेट द्यायचे. जंतुसंसर्ग होऊ न देता पेशी कशा वाढवायच्या, द्रावण कसे बनवायचे, प्रत्येक कृतीची नोंद त्याच वेळी कशी करायची, हे शिकवायचे. या धंद्यात जे नोंदवले नाही ते घडलेच नाही असे मानतात. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत कंपनीत किंवा प्रयोगशाळेत काम, तेही पगारी. पुढे कम्युनिटी कॉलेजात शिकताना पुन्हा पगारी काम.

‘पगारी’ हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. फुकटची इंटर्नशिप ज्याच्या घरी दोन महिने कमाई नसली तरी चूल पेटते, त्यालाच परवडते. प्रशिक्षण फुकट आणि कामही फुकट असेल, तर गरिबाचे पोर गाळले जाते आणि त्या गाळणीला गुणवत्ता असे नाव मिळते.

या कार्यक्रमाने अमेरिकेतला वंशभेद संपला, असे कोणी म्हणू नये. तो छोटा आहे. पण तो कंपनीच्या दयेतून नाही, सौद्यातून आला. 2021 च्या अखेरीस शहराने हा करार पुढच्या 30 वर्षांसाठी वाढवला, तेव्हाही लोकांना काय मिळणार हा वाटाघाटीचाच विषय होता.

आता आपल्याकडे पाहू. हैदराबादजवळ 1999 मध्ये जिनोम व्हॅली सुरू झाली. पुण्याजवळ हिंजवडीत एमआयडीसीच्या पार्कच्या नावातच माहिती तंत्रज्ञानाबरोबर जैवतंत्रज्ञान आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बायोई3 धोरण मंजूर केले. त्या नावातल्या तीन ‘ई’पैकी एक रोजगाराचा आहे. जमीन, रस्ते, पाणी, करसवलती हे सगळे सार्वजनिक तिजोरीतून जाते. बदल्यात कोणाच्या मुलांना काय मिळणार, हे मात्र करारात क्वचितच लिहिले जाते.

दुसरीकडे बहुजन घरांतली मुले विनाअनुदानित बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला कर्ज काढून प्रवेश घेतात. बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकल म्हणजे एकाने करायचे आणि बाकीच्यांनी मागून पाहायचे. जर्नल पूर्ण होते, हात कोरा राहतो. पदवीनंतर कंपनी विचारते, अनुभव किती? ओळखीतून एखाद्या प्रयोगशाळेत शिरकाव होणारे नातेवाईक या मुलांकडे नसतात. बाभळीच्या सालीने कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रथिनांवरच प्रक्रिया केली. त्या कामाला जातीने विटाळ म्हटले, विज्ञान म्हटले नाही. अशा हातांना कौशल्य नाही म्हणणे हा शुद्ध खोटेपणा आहे.

आपल्याकडे मागणीसाठी कायद्याचा आधारही आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, हे वाक्य अर्धेच खरे आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात, त्यांना विद्यावेतन द्यायचे असते. नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि पुढे ओबीसींसाठीही जागा राखण्याची तरतूद त्यात आहे आणि ती खासगी मालकालाही लागू होते. आयटीआयमधला रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळा सहायकाचा व्यवसाय या कायद्याखाली येतो. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मात्र कायदा घालत नाही. तो दुवा जमिनीच्या करारातून जोडता येईल.

यात एक धोका आहे आणि तो आपणच आधी ओळखला पाहिजे. कौशल्य प्रशिक्षण आमच्या मुलांना आणि संशोधन त्यांच्या मुलांना, अशी वाटणी झाली तर पांढऱ्या कोटातली नवी उतरंड तयार होईल. कॅलिफोर्नियात 1960 च्या उच्चशिक्षण आराखड्याने कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठात जाण्याची वाट ठेवली. आज बाटल्या निर्जंतुक करणारी मुलगी उद्या पदवी आणि परवा पीएच.डी. करू शकली पाहिजे. वर जायचा जिना नसलेले कौशल्य म्हणजे कोंडवाडा.

म्हणून मागणी नेमकी असावी. सार्वजनिक जमीन किंवा सवलत घेणाऱ्या प्रत्येक जैवतंत्रज्ञान कंपनीच्या करारात परिसरातल्या सरकारी शाळा आणि महाविद्यालयांसाठी पगारी प्रशिक्षणाच्या जागा, त्यांतले सामाजिक आरक्षण आणि पुढच्या भरतीचा वाटा आकड्यांत लिहिला जावा. किती शिकाऊ उमेदवार घेतले, ते कोणत्या प्रवर्गातले, त्यांतले किती कायम झाले, हे दरवर्षी जाहीर व्हावे. विद्यार्थी संघटनांनी वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या मोर्चात हे कलमही घ्यावे. माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्ह्यातले करार मागवण्यापासून सुरुवात करता येते.

फळ्याला हात लावू न देणारी शाळा आपल्या बापजाद्यांनी पाहिली. सूक्ष्मदर्शकाला हात लावू न देणारी व्यवस्था आपण मुकाट्याने पाहायची नाही.